नोकरी सोडून नवरीच्या मेकअपचे काम सुरू केले आहे. नात्यातल्या लग्नात दर कसा सांगावा?

उद्यमबागेतली
नमस्कार. मी बेळगावची. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी अकरा वर्षे तपासणी विभागात होते. मायक्रोमीटर आणि गो-नो गो गेज घेऊन दिवसाला तीन-चारशे नग तपासायचे आणि दोन शतांश मिलिमीटरनेही चुकलेला नग तांबड्या ट्रेमध्ये टाकायचा, एवढेच माझे काम होते. गेल्या वर्षी माझी बदली रात्रपाळीवर झाली आणि घरी दहावीतली मुलगी असल्यामुळे मी राजीनामा दिला. त्यानंतर शहरातच तीन महिन्यांचा मेकअपचा वर्ग केला. कंपनीतल्या मैत्रिणींना हळदीला, डोहाळजेवणाला मीच तयार करत असे, त्यामुळे घरच्यांना या निर्णयाचे फारसे आश्चर्य वाटले नाही. आजवर साहित्यावर ४२ हजार रुपये घातले आहेत. पार्लर उघडण्याचा विचार नाही. बोलावतील तिथे पेटी घेऊन जायचे, एवढेच ठरवले आहे.

अडचण वेगळीच आहे. तुळशीच्या लग्नापासून आजवर पाच मुली तयार केल्या, त्या पाचही नात्यातल्या किंवा गल्लीतल्या. चौघींच्या घरून खण-नारळाने ओटी भरली गेली, पाचवीच्या आईने पाकीट दिले, त्यात ५०१ रुपये होते. शेवटचे लग्न खानापूरच्या पुढच्या एका गावात होते आणि मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. नवरीचे डोळे करत असताना करवली आली, मग दोन आत्या, मग मुलाकडची एक मावशी, आणि प्रत्येकीचे म्हणणे एकच, "जरा हात फिरव गं." सात चेहरे झाले. बाहेरून "मुलीला आणा" असा पुकारा सुरू झाला तेव्हा मी एका हाताने मुंडावळ्या बांधत होते आणि दुसऱ्या हाताने नाकावरचा घाम टिपत होते. पेटी आवरून मंडपात पोहोचले तेव्हा शेवटची पंगत उठत होती.

माझा प्रश्न असा की हात बसेपर्यंत काही काळ फुकट काम करावे, की पहिल्या दिवसापासून दर सांगावा? आणि सांगायचा झाला तर सख्ख्या मावशीला तो कोणत्या तोंडाने सांगावा?

खानापूरची_माहेरवाशीण
आमच्या भागाची अब्रू गेली म्हणायची! ताई, ज्यांनी शेवटच्या पंगतीतही तुम्हाला बसवले नाही, त्यांच्याबद्दल मी माहेरच्या वतीने क्षमा मागते.

थर्ड_गेट
चौदा वर्षे पार्लर चालवते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. चेहऱ्यावर हात बसवणे आणि लग्नाचे काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात बसवायचा असेल तर घरी बोलावून पंधरा-वीस चेहरे जरूर फुकट करा. त्यात सोळा वर्षांची मुलगी असावी, साठीची काकू असावी, मुरुमांचे डाग असलेली, वांग असलेली, अगदी सावळी, अगदी गोरी अशी प्रत्येक तऱ्हेची त्वचा असावी. प्रत्येक चेहऱ्याचा एक फोटो खिडकीच्या उजेडात आणि एक फ्लॅश मारून काढा. परंतु लग्नघरात फुकट जाऊ नका, कारण तिथे तुमच्या वेळेवर तुमचाच हक्क राहत नाही. नवरीशिवाय आलेल्या सहा जणींपैकी एकीलाही तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत, ते त्या नात्यातल्या होत्या म्हणून नव्हे, तर तुम्ही किती चेहऱ्यांसाठी आला आहात हे कोणीच ठरवले नव्हते म्हणून.

फ्लॅशबद्दल माझीच चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका मुलीच्या डोळ्यांखाली मी बारीक सिलिकाची पावडर सढळ हाताने लावली. आरशात ती अप्रतिम दिसत होती. अल्बम आला तेव्हा प्रत्येक फोटोत डोळ्यांखाली दोन पांढऱ्या चकत्या होत्या, जणू तिला कोणी भस्म लावले होते. सिलिका, तसेच सनस्क्रीनमधले टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड फ्लॅशचा उजेड परत फेकतात. तेव्हापासून मुलगी खोलीबाहेर पडण्याआधी मी स्वतःच्या फोनचा फ्लॅश मारून पाहते. त्या घराने मला पुन्हा बोलावले नाही, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

कुंदा_खाणारा
ताई, तुमच्या जुन्या सवयीबद्दल एक सूचना: नवरी मापात बसली नाही तरी तिला तांबड्या ट्रेमध्ये टाकता येत नाही.

उद्यमबागेतली
@कुंदा_खाणारा, करवल्यांना टाकता आले असते तर बरे झाले असते.

थर्ड_गेट ताई, मनापासून आभार. वेळेची नोंद ठेवण्याची खोड मात्र सुटलेली नाही. शेवटच्या लग्नात फोनवर घड्याळ लावले होते: त्वचेची तयारी १८ मिनिटे, बेस २६, डोळे ३४, अंबाडा आणि गजरे ४१, नऊवारी नेसवणे २७, दागिने १५. म्हणजे एका नवरीला २ तास ४१ मिनिटे लागली. उरलेल्या सहा जणींनी मिळून १ तास ५० मिनिटे खाल्ली. ही वही आधी कोणाला दाखवावी हेच कळत नाही.

निपाणीकर_काकू
मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते, कारण या धाग्यावर आतापर्यंत सगळ्या ब्रश धरणाऱ्याच बोलल्या आहेत. माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही एका नावाजलेल्या बाईंना पूर्ण ॲडव्हान्स देऊन ठरवले होते. लग्नाच्या सकाळी त्यांच्याऐवजी त्यांची मदतनीस आली, आणि त्या स्वतः त्याच वेळी दुसऱ्या कार्यालयात होत्या हे आम्हाला नंतर कळले. मुलगी वाईट दिसली नाही, पण ट्रायलला जे दाखवले होते ते झाले नाही. तेव्हा दर सांगायला लाजू नका, पण दराबरोबर कागदावर हेही लिहा की कोण येणार, किती वाजता येणार, किती चेहरे करणार आणि न आल्यास किती पैसे परत देणार. आम्हाला महाग बाई चालते, भरवशाची नसलेली चालत नाही.

आणि मावशीची एवढी धास्ती का? माझ्या भाचीने शिवणकाम सुरू केले तेव्हा ती चिठ्ठीवर पूर्ण शिलाई लिहायची आणि खाली "मावशीला आहेर" असे लिहून त्यातून रक्कम वजा करायची. कामाची किंमत मला कळायची आणि तिचा मानही राहायचा.

फोटोवाला_चिकोडी
थर्ड_गेट ताईंचे फ्लॅशबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण सगळा दोष पावडरीवर टाकणे मला पटत नाही. आमच्या भागातल्या बहुतेक कार्यालयांत नवरीची खोली म्हणजे एक खिडकी, तीही बंद, एक जुनी ट्यूबलाइट आणि पडदा असलेले कपाट. अशा उजेडात जुळवलेला रंग मंडपात जुळेलच असे नाही. उद्यमबागेतल्या ताईंना सांगायला नको, तपासणीच्या टेबलावर उजेड का ठरावीक ठेवतात ते. स्वतःचा दिवा न्या, ५,५०० केल्विनच्या आसपासचा, आणि त्याचा सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर आहे ना ते खोक्यावर पाहून घ्या. स्वस्त रिंग लाइट प्रखर असतो, पण त्यात तांबूस छटा मेल्यासारखी दिसते, म्हणून हात आपोआप जास्त ब्लश लावतो.

दुसरी गोष्ट हळदीची. आदल्या दिवशी हळद लागलेली असते आणि घरच्यांनी ती कौतुकाने चोळलेली असते. दुसऱ्या सकाळी चेहरा धुतला तरी कपाळाच्या कडेला, कानामागे आणि मानेच्या घडीत पिवळेपणा राहतोच. चेहरा गुलाबी आणि मान केळ्यासारखी असे फोटो मी शेकड्यांनी सुधारले आहेत.

थर्ड_गेट
मान्य. हळद तेलात विरघळते, पाण्यात नाही, म्हणून साबणाने घासून उपयोग होत नाही. उलट त्वचा लाल होते आणि तुमचा बेस फुटतो. आधी क्लीन्झिंग बाम किंवा साधे खोबरेल तेल हलक्या हाताने लावून कापसाने पुसावे, मग सौम्य फेसवॉश वापरावा, आणि हे सगळे मानेपर्यंत आणि कानामागे करावे. तेलाचा अंश राहिला तर फाउंडेशन सरकते, हेही ध्यानात ठेवावे. रंग जुळवायचा तो ट्रायलच्या दिवशी, हळदीआधी, गळ्याखालच्या त्वचेशी, आणि शेडचा क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. लग्नाच्या सकाळच्या पिवळ्या मानेशी जुळवायला गेलात तर दोन दिवसांनी फोटो पाहताना मुलगी नारिंगी दिसेल.

नथीचेही सांगून ठेवते. दाबाची नथ असेल तर बेस पक्का बसल्यावरच घालावी आणि पुन्हा पुन्हा काढू नये, कारण प्रत्येक वेळी नाकपुडीवरचा एक तुकडा निघतो आणि तो फोटोत हमखास दिसतो.

वॉर्डातली_सिस्टर
मी रुग्णालयात नोकरी करते, मेकअपमधले मला फारसे कळत नाही, पण सात चेहरे एकाच पेटीतून केले हे वाचून राहवले नाही. मस्काराची कांडी एकीच्या डोळ्याला लावून दुसरीच्या डोळ्याला लावू नका. एकीचे डोळे आले असतील तर लग्न संपेपर्यंत सगळ्या करवल्यांना ते मिळतील. एकदाच वापरायच्या कांड्या मिळतात, त्या घ्या. लिपस्टिक थेट ओठांवर न फिरवता स्टीलच्या पट्टीवर खरवडून ब्रशने लावा. ब्रशांवर दोन चेहऱ्यांच्या मध्ये ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा आणि पूर्ण वाळू द्या. ९९ टक्क्यांचे जास्त चांगले असा समज आहे, तो चुकीचा आहे; ते फार लवकर उडून जाते आणि जंतूंतली प्रथिने मोडायला थोडे पाणी लागतेच. खोट्या पापण्यांच्या गोंदात पुष्कळदा लॅटेक्स असते, म्हणून ट्रायलच्या वेळी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दोन दिवस पाहा. नवरीची पापणी सुजली तर अंतरपाट कितीही जाड असला तरी उपयोग नाही.

हिशेबनीस
आकड्यांत बोलू. ४२ हजारांचे साहित्य सरासरी दोन वर्षे चालेल असे धरू, जरी मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकावाच लागतो. वर्षाला वीस नवऱ्या धरल्या तर एका नवरीवर साहित्याचे १,०५० रुपये पडतात. पापण्या, कापूस, स्पंज, पिना, जाळी यांचे २५० धरा. खानापूरच्या पुढे पहाटे जायचे तर गाडीचे जाण्यायेण्याचे १,२०० कुठेच गेले नाहीत. म्हणजे तुमच्या श्रमाचा एक रुपयाही न धरता २,५०० रुपये झाले. ५०१ रुपयांचे पाकीट घेऊन आलात, तेव्हा त्या लग्नाला तुम्ही जवळजवळ दोन हजारांचा आहेर केला आहे, फक्त तो आहेराच्या वहीत कोणी लिहिला नाही.

नोंदणीची भीती बाळगू नका. सेवेच्या व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, ती करून ठेवा, कर्जाच्या वेळी उपयोगी पडते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते, पण पहिल्या वर्षी ते घेऊ नये असे माझे मत आहे. कारण पंचांग. यंदा, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आला आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्ने नाहीत. निज ज्येष्ठात थोडी होतील, पण ज्येष्ठ अपत्याचे लग्न ज्येष्ठात न करणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुढे आषाढापासून चातुर्मास, म्हणजे थेट तुळशीच्या लग्नापर्यंत हात बांधलेले. कर्जाच्या हप्त्याला चातुर्मास नसतो.

जुना_रंगभूषाकार
या धाग्यावर सगळे मेकअप म्हणत आहेत, म्हणून एका म्हाताऱ्याने रंगभूषा हा शब्द लिहून ठेवावा. हौशी नाटकांत मी तीस वर्षे चेहरे रंगवले. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मगाव गुर्लहोसूर याच जिल्ह्यातले, त्यामुळे नाटकाची हौस आमच्याकडे मुरलेली आहे, पण रंगभूषाकाराला मानधन म्हणून चहा आणि भजी देण्याची चालही तितकीच मुरलेली आहे. आमची रंगभूषा शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसावी म्हणून असायची; भुवई जाड, गालाचा खड्डा खोल. तुमची हाताच्या अंतरावरून आणि भिंगातून पाहिली जाते. म्हणून मी एका भाचीच्या लग्नात हौसेने पॅनस्टिक, म्हणजे नाटकातला जाड बेस, लावले तेव्हा ती राणी येसूबाईऐवजी खलनायिका दिसू लागली आणि तिच्या सासूने पदराने ते पुसले.

आणखी एक. हिंदी चित्रपटसृष्टीतल्या संघटनेत बायकांना फक्त केशभूषेचे कार्ड मिळत असे, रंगभूषेचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी १० नोव्हेंबर २०१४ रोजी बेकायदा ठरवली. इतक्या अलीकडची गोष्ट आहे ही. ज्या कामासाठी बायकांना न्यायालयात जावे लागले, ते त्यांनी नारळावर करावे हे मला पटत नाही.

कुंदा_खाणारा
काका, सासूने पदराने पुसले हे वाचून दुकानात एकटाच हसलो. गिऱ्हाईक परत गेले.

अथणीची_सून
मी माहेरची मराठी, सासरची कन्नड. गेली सहा वर्षे दोन्ही घरांतल्या लग्नांना जाते, म्हणून मला जे जाणवले ते सांगते. माझी पहिली तीस-पस्तीस मेकअपची कामे सगळी सासरच्या बाजूच्या, पण नात्याबाहेरच्या कन्नड घरांतली होती. तिथे कोणी विचारले "एष्टु?" (किती?) की मी आकडा सांगून मोकळी होत असे. त्यावर ठरलेले उत्तर येते, "स्वल्प कम्मी माड्री" (थोडे कमी करा), आणि त्यात कोणालाच अपमान वाटत नाही. हाच आकडा माहेरी मराठीत सांगायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. पुढे कळले की दर जास्त होता म्हणून नव्हे; मराठीत मी कोणाची तरी मुलगी, भाची, पुतणी होते आणि कन्नडमध्ये फक्त मेकअप करणारी बाई होते. परक्या भाषेत शंभर वेळा बोललेला आकडा शेवटी आपल्या भाषेतही न अडखळता निघतो. तेव्हा ताईंनी पहिला हंगाम बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक या बाजूची कामे मुद्दाम घ्यावीत. उद्यमबागेत अकरा वर्षे काढली म्हणजे कामापुरते कन्नड येत असणारच.

फक्त रीतभात आधी समजून घ्यावी. लिंगायत घरांत बाशिंग बांधतात, त्यामुळे कपाळावर तुमच्या कारागिरीला जागा थोडी उरते आणि घाम तिथेच साचतो. साडी नेसवण्याची पद्धत घरागणिक बदलते, म्हणून आजीला विचारल्याशिवाय पदराला हात लावू नये.

निपाणीकर_काकू
अथणीच्या सुनेचे म्हणणे चतुर आहे, पण मला अर्धेच पटले. नात्यातली लग्ने टाळून इथे कोणाचे चालले आहे? एका हंगामात बोभाटा होईल की हिला आता आपली माणसे नकोत. परक्यांकडे शिकावे, पण घरच्यांना सोडू नये. माझी आहेराची चिठ्ठी वापरून पाहा.

थर्ड_गेट
आहेराच्या चिठ्ठीला माझा विरोध आहे. आज मावशीला दिला की उद्या चुलत मावशीची जाऊही आहेर मागेल. वजाबाकीची सवय लागली की मूळ आकडा कोणी वाचत नाही.

हिशेबनीस
मर्यादा घाला. सख्खी भावंडे, सख्खी मावशी, सख्खी आत्या, बस्स. चुलत-मामेत पूर्ण दर.

उद्यमबागेतली
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सगळ्यांचे ऐकून करून पाहायचे होते.

शॉपमधल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने बैलहोंगलकडच्या एका घरातून फोन आला. मी आरशासमोर उभी राहून आकडा आधी चार वेळा म्हणून घेतला होता: साडेसहा हजार, त्यात नवरी आणि एक चेहरा, ट्रायल वेगळी नाही, गाडीभाडे वेगळे, ॲडव्हान्स दोन हजार. समोरून अपेक्षेप्रमाणे "स्वल्प कम्मी माड्री" आले. मी दर उतरवला नाही, एक चेहरा वाढवून दिला. फोन ठेवल्यावर लक्षात आले की मला घाम आला नव्हता. आता हे योग्य झाले की अर्ध्या तासाचे काम फुकट गेले, ते हिशेबनीसांनी सांगावे.

दुसऱ्याच दिवशी मावशीचा फोन आला, एप्रिलमधल्या मावसबहिणीच्या लग्नासाठी. मी काकूंच्या सल्ल्याप्रमाणे चिठ्ठी करून पाठवली: ६,५००, वजा आहेर १,५००, बाकी ५,०००, चेहरे दोन, मी स्वतः पहाटे सहाला हजर, मुहूर्ताच्या एक तास आधी नवरी तयार. मावशी दोन दिवस काही बोलली नाही. आईने मला "एवढे लिहून द्यायची काय गरज होती" असे तीन वेळा विचारले. तिसऱ्या दिवशी मावसभावाने ॲडव्हान्स पाठवला, दोन हजारांऐवजी पंधराशे, आणि खाली लिहिले, "करवल्या किती धरल्यात?" मी चिठ्ठीचाच फोटो त्याला परत पाठवला. अजून उत्तर आलेले नाही.

हिशेबनीस
एक चेहरा वाढवलात तो चालेल, पण पुढच्या वेळी दरपत्रकात त्याची किंमत लिहा, म्हणजे काय दिले ते त्यांना कळेल. आणि मावशीकडचे पाचशे बाकी आहेत, ते वहीत लिहून ठेवा.

अथणीची_सून
बैलहोंगलला जाताना दरपत्रक कन्नडमध्ये घेऊन जा. मला पाठवलेत तर तपासून देईन. 'ट्रायल' आणि 'साडी नेसवणे' या दोन ओळींत हमखास घोळ होतो.

फोटोवाला_चिकोडी
मावशीकडचे लग्न कोणत्या कार्यालयात आहे ते मला कळवा. नवरीच्या खोलीत सॉकेट एकच असेल तर केसांचे यंत्र, तुमचा दिवा आणि माझा चार्जर यांच्यात भांडण ठरलेले, म्हणून येताना दोन एक्स्टेन्शन बोर्ड आणा. एक मी आणीन, पण तो मंडपवाला पळवतो.